नवख्या गुंतवणूकदारासाठी क्रिप्टो अ‍ॅप : रचनेची तत्त्वे आणि भारतीय संदर्भ

क्रिप्टो गुंतवणुकीच्या अ‍ॅपचा आराखडा आखताना ‘नवख्यांसाठी सुलभ’ हा शब्दप्रयोग बहुधा एकाच अर्थाने घेतला जातो : नोंदणीपासून पहिल्या खरेदीपर्यंतचा मार्ग जितका छोटा, तितके अ‍ॅप सुलभ. परंतु क्रिप्टोची किंमत अहोरात्र बदलत असते, एकदा पाठवलेला व्यवहार मागे घेता येत नाही आणि तोटा झाल्यास दाद मागण्यासाठी स्वतंत्र नियामक व्यवस्था भारतात नाही. अशा मालमत्तेच्या बाबतीत सुलभतेची ही व्याख्या अपुरी पडते. आपण नेमके काय घेत आहोत, त्यावर खर्च किती होईल, कर किती लागेल आणि पैसे परत कसे मिळतील, या चार प्रश्नांची उत्तरे नवख्या व्यक्तीला खरेदीपूर्वी देता येणे, ही सुलभतेची अधिक योग्य कसोटी होय. अ‍ॅपच्या प्रत्येक पडद्याची रचना या कसोटीवर तपासता येते.

कायदेशीर पार्श्वभूमी

बिटकॉइनची संकल्पना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधातून मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याचे जाळे कार्यान्वित झाले. भारतीय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये या व्यवहारांतील जोखमीबाबत जनतेला पहिल्यांदा सावध केले. पुढे ६ एप्रिल २०१८ रोजी तिने बँकांना आभासी चलनाशी संबंधित सेवा देण्यास मनाई केली. न्या. रोहिंटन नरिमन, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने ४ मार्च २०२० रोजी हे परिपत्रक रद्दबातल ठरवले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही संज्ञा आयकर कायद्यात आणली. अर्थ मंत्रालयाच्या ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो मंचांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत घेतले आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणे त्यांना बंधनकारक झाले.

या घटनाक्रमातून उभे राहिलेले चित्र काहीसे विषम आहे. क्रिप्टो व्यवहारांवर कर आहे आणि काळा पैसा रोखण्याच्या दृष्टीने देखरेखही आहे. मात्र शेअर गुंतवणूकदाराला ‘सेबी’कडे जशी तक्रार नेता येते, तशी सोय येथे नाही, बँक ठेवींना लाभणारे पाच लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षणही लागू नाही. त्यामुळे अ‍ॅपने आपला नोंदणी क्रमांक पडद्यावर दाखवताना शब्द जपून वापरणे आवश्यक ठरते. गुप्तवार्ता विभागाकडील नोंदणी संशयास्पद व्यवहारांच्या माहितीसाठी असते. ती गुंतवणुकीच्या सुरक्षिततेची हमी नव्हे. ‘सरकारमान्य’ अशा अर्थाचा बिल्ला लावला, तर नवख्या वाचकाची दिशाभूल होते.

नोंदणीचा टप्पा

भारतात क्रिप्टो अ‍ॅपवर खाते उघडण्यासाठी पॅन, ओळखीचा पुरावा, स्वतःचे छायाचित्र आणि स्वतःच्या नावावरील बँक खाते लागते. पहिला अडथळा पुष्कळदा नावातच असतो. मराठी नावांत वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या जागी येते. ते एका कागदपत्रावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षरापुरते आणि तिसऱ्यावर अजिबात नसते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पॅन, आधार आणि बँक खाते यांवरील नावे जुळत नाहीत, असे अनेकदा घडते. सर्व माहिती भरून झाल्यावर ‘पडताळणी अयशस्वी’ एवढाच संदेश दाखवणारे अ‍ॅप वापरकर्त्याला संभ्रमात सोडते. कोणती कागदपत्रे लागतील, नावे कोठे जुळली पाहिजेत आणि न जुळल्यास कोणता उपाय आहे, हे आरंभीच सांगितले तर अर्ध्या वाटेवर अडकण्याची वेळ येत नाही.

याच टप्प्यावर माहितीच्या गोपनीयतेचाही प्रश्न येतो. पडताळणीसाठी कायद्याने आवश्यक असलेली माहिती आणि जाहिरातीसाठी मागितलेली परवानगी एकाच खुणेत बांधू नये. फोनमधील संपर्कयादी किंवा ठिकाणाची नोंद मागितली जात असेल, तर कारण तेथेच एका वाक्यात द्यावे.

शब्दांची निवड

मराठीत क्रिप्टोसाठी ‘कूटचलन’ आणि ‘आभासी चलन’ हे शब्द रूढ झाले आहेत. दोन्हींत ‘चलन’ आहे आणि त्यातून ही मालमत्ता रुपयासारखी कायदेशीर विनिमयाची वस्तू असल्याचा आभास होतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्रिप्टोच्या जाहिरातीत ‘करन्सी’, ‘सिक्युरिटीज’, ‘कस्टोडियन’ आणि ‘डिपॉझिटरीज’ हे शब्द वापरता येत नाहीत. ही उत्पादने अनियमित असून त्यांत मोठी जोखीम आहे आणि तोट्याबाबत नियामकाकडे दाद मिळेलच असे नाही, अशा आशयाची सूचना देणेही आवश्यक आहे. सूचना जाहिरातींसाठी असली, तरी तिच्यामागील विचार अ‍ॅपच्या अंतर्गत भाषेलाही लागू पडतो.

भाषांतर करताना हा धोका वाढतो. ‘स्टेकिंग’मधून मिळणाऱ्या मोबदल्याला ‘व्याज’ म्हटले की मुदत ठेव डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात मोबदला त्याच क्रिप्टोच्या रूपात मिळतो आणि त्याची किंमत घसरू शकते. इथेरियमच्या जाळ्यावर आकारल्या जाणाऱ्या शुल्काला ‘गॅस शुल्क’ म्हटले, तर स्वयंपाकाच्या गॅसचे बिल भरणाऱ्या वाचकाला अर्थबोध होत नाही. ‘जाळे वापरण्याचे शुल्क’ हा शब्दप्रयोग थोडा लांब असला तरी स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापरासाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेला डिजिटल रुपया आणि खासगी क्रिप्टो यांतील फरकही शब्दांतून दिसला पाहिजे. पहिल्यामागे मध्यवर्ती बँक उभी आहे, दुसऱ्यामागे तशी कोणतीही संस्था नाही.

आकड्यांची मांडणी

परदेशी आराखड्यावर बेतलेल्या अ‍ॅपमध्ये बाजारमूल्य ‘मिलियन’ आणि ‘बिलियन’ डॉलरमध्ये दिसते. लाख-कोटींत विचार करणाऱ्या वाचकासाठी रुपयांतील आकडा आणि भारतीय पद्धतीची स्वल्पविराम-रचना हवी. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात आणि लहानातल्या लहान भागाला ‘सातोशी’ म्हणतात. पाचशे रुपयांच्या खरेदीत दशांशचिन्हापुढे अनेक शून्ये येतात. म्हणून रुपयांतील रक्कम ठळक आणि नाण्यांची संख्या दुय्यम, असा क्रम ठेवणे हितावह असते.

एका नाण्याची किंमत काही पैसे असली की ते ‘स्वस्त’ आहे, असा नवख्यांचा समज होतो. किंमत कमी असण्याचे कारण अनेकदा नाण्यांच्या प्रचंड संख्येत असते. बिटकॉइनची कमाल संख्या २ कोटी १० लाख इतकी मर्यादित आहे. डोजकॉइनला अशी मर्यादा नाही आणि त्यात दरवर्षी सुमारे ५०० कोटी नव्या नाण्यांची भर पडते. प्रत्येक नाण्याच्या पानावर किमतीशेजारीच एकूण संख्या दाखवली, तर हा गैरसमज मुळातच टळतो.

घसरणीचे गणितही सहज लक्षात येत नाही. किंमत ५० टक्क्यांनी पडल्यावर मूळ ठिकाणी येण्यासाठी ती १०० टक्के वाढावी लागते. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर होते. वर्षभरात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ते १६ हजार डॉलरच्या खाली आले. डॉलरच्या हिशेबात दहा हजारांतील जेमतेम सव्वादोन-अडीच हजार उरले. केवळ चढत्या काळाचा आलेख दाखवण्याऐवजी अ‍ॅपने निवडलेली रक्कम अशा घसरणीत किती झाली असती, हे दाखवणे उपयुक्त ठरते. लाभ-हानी केवळ हिरव्या-लाल रंगांनी दर्शवू नये. रंगभेद न ओळखणाऱ्यांसाठी चिन्ह आणि शब्दही हवेत.

शुल्क आणि खरेदी-विक्रीतील तफावत

‘शून्य शुल्क’ हे आश्वासन आकर्षक असते, परंतु खर्च बहुधा खरेदी आणि विक्रीच्या दरांतील तफावतीत दडलेला असतो. समजा, एखाद्या नाण्याचा खरेदीदर १०२ रुपये आणि विक्रीदर ९९ रुपये आहे. एक हजार रुपयांची खरेदी करून तत्काळ विक्री केली, तर हाती सुमारे ९७१ रुपये येतात. बाजार जागचा हललेला नसताना २९ रुपये गेलेले असतात. जेथे शुल्क आकारले जाते, तेथे त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ‘आत्ता विकल्यास हाती येणारी रक्कम’ ही ओळ खरेदीला अंतिम संमती देण्याच्या पडद्यावर असणे, ही प्रामाणिक रचनेची साधी खूण आहे.

कराचा हिशेब

२०२२ च्या तरतुदींनुसार १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के दराने कर आणि त्यावर उपकर लागतो. हा दर उत्पन्नाच्या टप्प्यानुसार बदलत नाही. नफा मोजताना खरेदीच्या किमतीखेरीज अन्य खर्च वजा होत नाही. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढील वर्षीही नेता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर, ठरावीक मर्यादेपलीकडे, एक टक्का करकपात मुळातच होते.

नवख्याला याचा परिणाम उदाहरणानेच कळतो. एका व्यक्तीने पहिले नाणे ३०,००० रुपयांना घेऊन ५०,०००ला विकले : नफा २०,०००. दुसरे ४०,०००ला घेऊन २५,०००ला विकले : तोटा १५,०००. तिच्या दृष्टीने निव्वळ नफा ५,००० रुपये. कर मात्र पूर्ण २०,००० रुपयांवर लागतो : ६,००० रुपये आणि त्यावर चार टक्के उपकर २४० रुपये. म्हणजे पडद्यावर ५,००० रुपयांचा नफा दिसत असताना करानंतर १,२४० रुपयांचा तोटा झालेला असतो. दोन्ही विक्रींच्या मिळून ७५,००० रुपयांवर कापले गेलेले ७५० रुपये अंतिम करातून वजा होतात, ती वेगळी आकारणी नसते. हेही स्पष्ट करावे लागते.

बहुतेक व्यापारी आलेखांत एकूण लाभ-हानी एकाच आकड्यात दिसते. भारतीय वापरकर्त्यासाठी हा आकडा अपुरा असतो. ‘करापूर्वी’ आणि ‘अंदाजे करानंतर’ असे दोन आकडे शेजारी असावेत आणि विकण्याचे बटण दाबण्यापूर्वी ते दिसावेत. आयकर विवरणपत्रात आभासी डिजिटल मालमत्तेसाठी स्वतंत्र परिशिष्ट असते. त्यासाठी लागणारा खरेदी-विक्रीचा तारीखवार तपशील एका टप्प्यात उतरवून घेता आला पाहिजे. कायद्यातील दर आणि कलमे बदलू शकतात, म्हणून हिशेब कोणत्या तारखेच्या नियमांवर आधारलेला आहे, याची नोंद पडद्यावर असणे गरजेचे आहे.

घाई लावणाऱ्या रचना

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न्स’ अर्थात फसव्या रचनांना प्रतिबंध करणाऱ्या मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. खोटी निकड निर्माण करणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, वारंवार टोकणे, किमतीचा काही भाग शेवटी उघड करणे, लपवलेली जाहिरात यांचा त्यांत समावेश होतो. क्रिप्टो अ‍ॅपमध्ये हे प्रकार ओळखीचे वाटतात : उलटगणती करणारे घड्याळ, मध्यरात्री येणारा ‘भाव उसळला’ असा संदेश, मित्राला जोडल्यास बक्षीस, आणि ‘मला संधी नको’ असे शब्द असलेले नकाराचे बटण.

अमेरिकेतील ‘रॉबिनहूड’ या शेअर व्यवहारांच्या अ‍ॅपमध्ये काही व्यवहारांनंतर पडद्यावर रंगीत कागदी कपट्यांचा वर्षाव होत असे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या रोखे नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये केलेल्या तक्रारीत अशा खेळवजा रचनेवर आक्षेप घेतला. मार्च २०२१ मध्ये कंपनीने ते दृश्य काढून टाकले. ब्रिटनच्या वित्तीय आचरण प्राधिकरणाने ८ ऑक्टोबर २०२३ पासून क्रिप्टोच्या प्रसिद्धीसाठी नियम लागू केले. त्यांनुसार पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाला २४ तासांचा विचारकाळ द्यावा लागतो, त्याची समज तपासणारे प्रश्न विचारावे लागतात आणि मित्र जोडण्याच्या बक्षिसांना मज्जाव आहे.

भारतातही जवळचे उदाहरण आहे. ‘सेबी’ने १ जुलै २०२३ पासून दलालांना वायदा व्यवहार करणाऱ्या ग्राहकांसमोर अ‍ॅपमध्ये प्रवेश करतानाच जोखमीची माहिती ठेवण्यास सांगितले, दहापैकी नऊ वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना निव्वळ तोटा झाल्याचा आकडा त्यात असतो. बारीक अक्षरांतील सर्वसाधारण सूचनेपेक्षा निर्णयाच्या क्षणी समोर येणारा नेमका आकडा अधिक परिणामकारक ठरतो, हे त्यामागील सूत्र आहे. शेअर बाजाराला बंद होण्याची वेळ असते आणि निर्देशांक ठरावीक प्रमाणात घसरल्यास व्यवहार थांबतात. क्रिप्टो बाजाराला ही विश्रांती नाही. म्हणून रात्रीचे संदेश मुळात बंद ठेवणे आणि ते सुरू करण्याचा निर्णय वापरकर्त्यावर सोपवणे योग्य ठरते.

परत न येणारे व्यवहार

बँकेतून चुकीच्या खात्यात गेलेल्या रकमेसाठी निदान तक्रार करता येते. क्रिप्टो चुकीच्या पत्त्यावर किंवा चुकीच्या जाळ्यावर पाठवले, तर ते बहुधा कायमचे जाते. इथेरियमचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो. पडद्यावर त्याची पहिली आणि शेवटची काही अक्षरेच दाखवण्याची पद्धत असल्याने, टोके सारखी असलेला पत्ता तयार करून लोकांना फसवले जाते. पूर्ण पत्ता गटागटांनी दाखवणे, नव्या पत्त्यावर आधी अल्प रक्कम पाठवण्यास सुचवणे आणि मोठ्या रकमेसाठी काही काळ थांबवून ठेवणे, हे उपाय गती कमी करतात; येथे गती कमी होण्यातच सुरक्षितता आहे.

पडद्यावरील माहितीवर विसंबण्याची मर्यादा अनुभवी लोकांनाही भोवते. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय मंचाच्या, अनेकांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक असलेल्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची मालमत्ता चोरीस गेली. पडद्यावर दिसणारा तपशील आणि प्रत्यक्ष स्वाक्षरी झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीने आपल्या निवेदनात म्हटले. ग्राहकांना अ‍ॅपमध्ये शिल्लक दिसत होती, पण क्रिप्टो काढता येत नव्हते. सिंगापूरच्या न्यायालयातील पुनर्रचना प्रक्रियेनंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले. मालमत्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि मंच बंद पडल्यास काय होईल, याचे उत्तर शिल्लक दाखवणाऱ्या पानावरूनच एका स्पर्शात मिळाले पाहिजे, हा यातील धडा आहे.

स्वतःच्या ताब्यातील वॉलेटसाठी १२ किंवा २४ शब्दांचा पुनर्प्राप्ती संच जपावा लागतो. हे शब्द २०४८ शब्दांच्या प्रमाणित यादीतून येतात आणि या मानकाच्या अधिकृत याद्यांत मराठी, हिंदी किंवा अन्य कोणतीही भारतीय भाषा नाही. मराठी वापरकर्त्याला बहुधा इंग्रजी शब्द अचूक उतरवून घ्यावे लागतात. त्या यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. त्यामुळे अ‍ॅपला लिहिलेल्या शब्दांची उलटतपासणी घेता येते. हा संच कोणालाही सांगू नये आणि फोनमध्ये त्याचे छायाचित्र काढू नये, ही सूचना त्याच पडद्यावर मराठीत असावी.

समजुतीची चाचणी

अ‍ॅपचे यश मोजताना नोंदणी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण आणि पहिल्या खरेदीला लागलेला वेळ हे आकडे सामान्यतः पाहिले जातात. नवख्यांच्या हिताचे मोजमाप त्यांत होत नाही. कधीही गुंतवणूक न केलेल्या काही व्यक्तींना, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच साध्या फोनवर, अ‍ॅप वापरायला देऊन आरंभी नमूद केलेले चार प्रश्न विचारणे हा अधिक विश्वासार्ह मार्ग आहे. उत्तर चुकले, तर दोष वापरकर्त्याचा न मानता त्या पडद्याचा मानावा.

सराव खात्याची सोय अनेकांना उपयुक्त वाटते, मात्र काल्पनिक पैशांनी तोट्याची धग लागत नाही. त्याला पूरक असा एक उपाय म्हणजे पहिली छोटी फेरी : शंभर-दोनशे रुपयांची खरेदी, त्यांतील काही भागाची विक्री आणि मिळालेले पैसे बँक खात्यात परत. मोठी रक्कम भरण्यापूर्वी ही फेरी पूर्ण करण्यास अ‍ॅपने सुचवले, तर दरांतील तफावत, शुल्क, लागू असल्यास करकपात आणि रक्कम खात्यात जमा होण्यास लागणारा वेळ, या सर्व गोष्टी अल्प खर्चात समजतात. पुढे गुंतवणूक करायची की येथेच थांबायचे, हा निर्णय मग जाहिरातीऐवजी स्वतःच्या बँक खात्यातील नोंदीवरून घेता येतो.